शंका तुमच्या, उत्तरं डॉक्टरांची: क्रूसावरच्या मृत्यूचं कारण काय लिहायचं?

मागच्या अंकात एका वाचकाने फाशीबद्दल विचारलं होतं. त्याला उत्तर देताना ओघात लिहून गेलो की फाशीतला मृत्यू कशाने येतो हे आम्हाला नीट सांगता येतं, पण रोमन लोक माणसाला क्रूसावर चढवायचे तेव्हा त्याचा जीव नेमका कशाने जायचा हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही. या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलं. काही पत्रांत राग आहे, काहींना कात्रणं टाचलेली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. विषय सोसत नसेल त्यांनी सरळ पुढच्या पानावर जावं, मला वाईट वाटणार नाही.

प्रश्न: तुम्ही आयुष्यभर न्यायवैद्यक शिकवलंत आणि म्हणता कारण माहीत नाही? क्रूसावरचा माणूस गुदमरून मरतो, हे तर आम्ही विद्यार्थी असतानाच ऐकलं होतं. (एक तरुण डॉक्टर)

ऐकलं असणारच. वर्गात सांगायला ती गोष्ट फार सोयीची आहे. पण ती आली कुठून, ते बघा. १९३०च्या दशकात पॅरिसमध्ये पियेर बार्बे नावाचे एक शल्यचिकित्सक होते. त्यांचं म्हणणं असं: हात वर ताणून शरीर लटकलं की छाती फुगलेल्या अवस्थेतच अडकते. श्वास आत येतो, बाहेर टाकता येत नाही. तो टाकायचा तर पायांवर जोर देऊन शरीर वर उचलायचं, उचलणं थांबलं की संपलं. आधाराला त्या काळातली एक लष्करी शिक्षा होती. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात शिपायाला मनगटं बांधून, पायाची बोटं जेमतेम जमिनीला टेकतील असं टांगायचे. पुढे नाझींच्या डाखाउच्या छळछावणीतूनही तसेच वृत्तांत आले.

तर्क चांगला आहे. अडचण हातांच्या जागेची आहे. त्या शिक्षांमध्ये हात सरळ डोक्यावर असायचे, आडव्या तुळईच्या क्रूसावर ते दोन्ही बाजूंना पसरलेले असतात. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड काउंटीत फ्रेडरिक झुगिबी नावाचे शवचिकित्सक होते. त्यांनी धडधाकट स्वयंसेवकांना पट्ट्यांनी क्रूसावर टांगून त्यांचे श्वास, नाडी, रक्तातला प्राणवायू मोजला. खांदे दुखले, हातांत गोळे आले, लोक घामाघूम झाले, पण श्वास कोणाचा कोंडला नाही. त्यावरून झुगिबींनी निष्कर्ष काढला की मृत्यू शॉकने, म्हणजे रक्तपुरवठा कोलमडून, यायचा. पण त्यांच्या स्वयंसेवकांना आधी कोणी आसुडाने फोडलेलं नव्हतं, रात्रभर जागवलेलं नव्हतं, आणि थोड्या वेळाने आपल्याला खाली उतरवणार हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा तोही पुरावा अर्धाच.

आता मी शवागारात बसून विचार करतो तसा करू. क्रूसावर चढण्याआधी फटके. रोमन आसुडाच्या चामडी पट्ट्यांना हाडाचे किंवा धातूचे तुकडे बांधलेले असत. म्हणजे कातडी फाटली, स्नायू उघडे पडले, रक्त गेलं, बरगड्यांवर मार बसला. मार लागलेल्या बरगड्यांचा माणूस खोल श्वास घेत नाही, घेऊच शकत नाही. फुफ्फुसाभोवती पाणी जमू शकतं. मग सोललेल्या पाठीवर आडवी तुळई घेऊन चालणं. मग उन्हात, पाण्याशिवाय, उभं.

उभं या शब्दापाशी जरा थांबा, कारण पत्रं पाठवणाऱ्यांपैकी एकानेही तिकडे लक्ष दिलेलं नाही. आपण उभे असतो तेव्हा पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटऱ्यांचे स्नायू करतात, म्हणून माणूस उभ्या उभ्या सारखी चुळबुळ करतो. पाय जखडले की रक्त खाली साठत जातं, हृदयाकडे कमी परततं, रक्तदाब उतरतो. परेडला ताठ उभा असलेला शिपाई धाडकन पडतो तो याचमुळे. पण तो पडतो म्हणूनच वाचतो, आडवा झाला की मेंदूला पुन्हा रक्त मिळतं. क्रूसावरच्या माणसाला पडायची सोय नाही. शुद्ध गेली तरी डोकं वरच राहतं. दोराला निश्चल लटकून राहिलेले गिर्यारोहक कुठेही फारशी इजा नसताना दगावतात, त्यामागेही बव्हंशी हेच कारण मानलं जातं.

रक्त गेलेलं, पाणी आटलेलं, श्वास उथळ, रक्तदाब घसरलेला, स्नायू सतत आखडल्यामुळे रक्तात आम्ल वाढलेलं, आणि हे सगळं एकाच देहात, एकाच वेळी. यातलं आधी काय जीव घेईल ते माणसागणिक बदलणार. फटके जास्त बसले तर रक्तस्राव, धट्टाकट्टा असेल तर तहान आणि थकवा, खिळ्याऐवजी दोर वापरला असेल तर आणखी वेगळं. त्यात पद्धतही एक नव्हती. रोमन तत्त्वज्ञ सेनेका लिहितो की त्याने तऱ्हेतऱ्हेचे क्रूस पाहिले, काहींवर तर माणूस डोकं खाली करून लटकवलेला. त्याच शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस सांगतो की जेरुसलेमच्या वेढ्यात रोमन सैनिक मजा म्हणून कैद्यांना वेगवेगळ्या अवस्थेत ठोकत होते. उलट्या टांगलेल्याचा आणि सुलट्या टांगलेल्याचा मृत्यू तुम्ही एकाच शब्दात कसा लिहिणार?

२००६ साली मास्लन आणि मिचेल या दोघांनी ब्रिटनमधल्या एका वैद्यकीय नियतकालिकात तोवर मांडलेल्या सगळ्या कारणांची झडती घेतली. किमान दहा वेगवेगळी कारणं निघाली: हृदय फुटण्यापासून गुदमरण्यापर्यंत. त्यांचा शेरा असा की यातलं एकही सिद्ध करण्याइतका पुरावा नाही. 'कारण अनिश्चित' असं अहवालात लिहिणं पोलिसांना आवडत नाही, नातेवाइकांना आवडत नाही, आणि आता दिसतंय की वाचकांनाही आवडत नाही. पण समोर मृतदेहच नसेल तर दुसरं काय लिहिणार?

प्रश्न: सोबत १९८६ सालच्या 'जामा' या अमेरिकन नियतकालिकातल्या लेखाची प्रत जोडत आहे. त्यात येशूच्या मृत्यूचं कारण स्पष्ट दिलेलं आहे. तुम्ही ते वाचलेलं दिसत नाही.

वाचलं आहे, आणि प्रत पाठवल्याबद्दल आभार. तीन लेखक: एडवर्ड्स हे विकृतिशास्त्रज्ञ, गेबल हे धर्मोपदेशक आणि हॉस्मर हे वैद्यकीय चित्रकार. रक्त कमी पडून आलेला शॉक आणि थकून आलेला श्वासावरोध, असं त्यांचं उत्तर. चित्रं उत्तम आहेत. जगभर हा विषय लोक ज्या चित्रांतून बघतात त्यांतली कित्येक यांच्यावरूनच उतरली असावीत.

माझी तक्रार साधनसामग्रीबद्दल आहे. त्यांनी शुभवर्तमानांतल्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांतल्या, वर्णनांबरोबर तुरीनच्या कफनाचाही आधार घेतला. ज्या कापडावर क्रूसावरच्या माणसाची आकृती उमटलेली दिसते, ते हे. लेख छापून झाल्यावर दोन वर्षांनी, १९८८ साली, त्या कापडाची कार्बन चाचणी झाली आणि काळ निघाला इसवी सन १२६० ते १३९०. बार्बेंनीही याच कापडावर भिस्त ठेवली होती. श्रद्धेने त्या कापडासमोर हात जोडणाऱ्यांशी माझं भांडण नाही. मात्र पंचनाम्यात लावायची वस्तू घटनास्थळावरची असावी लागते.

याच पत्रात विचारलं आहे की क्रूसावरच्या येशूच्या कुशीत भाला खुपसल्यावर 'रक्त आणि पाणी' निघालं, ते शक्य आहे का? शक्य आहे. फुफ्फुसाभोवती किंवा हृदयाभोवती जमलेला द्रव पाण्यासारखाच दिसतो. त्यावरून १८४७ साली स्ट्राउड या इंग्रज डॉक्टरांनी हृदय फुटल्याचं अनुमान काढलं होतं. तेवढं अंतर एका वाक्याच्या जोरावर मी ओलांडणार नाही.

प्रश्न: चित्रांत खिळे तळहातांत दिसतात. काही लोक म्हणतात मनगटात मारत. खरं काय?

बार्बेंनी कापून काढलेल्या हाताच्या तळव्यात खिळा ठोकून खाली सुमारे ४० किलो वजन टांगलं. थोड्याच वेळात जखम लांबत गेली आणि हिसका देताच तळवा फाटला. म्हणून ते मनगटाकडे वळले. तिथल्या छोट्या हाडांमधून खिळा जातो आणि पक्का बसतो.

शाळेतलं बलांचं गणित आठवत असेल तर हे घरीही करून बघता येईल. ७० किलोचा माणूस दोन्ही हात सरळ वर करून लटकला तर प्रत्येक हाताला ३५ किलो. हात पसरत नेले, उभ्या रेषेपासून ६५ अंशांवर आणले, तर प्रत्येक हातावरचा ताण होतो सुमारे ८३ किलो. एकेका हाताला स्वतःच्या अख्ख्या वजनापेक्षा जास्त! अर्थात सगळा भार हातांवर असेल तरच. पाय ठोकलेले असतील, खाली बसायला आधार असेल, तर ताण बराच उतरतो आणि मग तळवाही टिकेल. दोर असेल तर प्रश्नच मिटला.

मनगटात खिळा गेला तर मीडियन नर्व्ह ही नस जवळच असते, अंगठा आणि पहिल्या बोटांची संवेदना नेणारी. ती अर्धवट दुखावली तर वेदना आगीसारखी असते. अशा जखमेचा रुग्ण त्या हातावर वाऱ्याची झुळूकही सहन करत नाही.

प्रश्न: पायाखाली फळी होती का?

पायाखालची फळी ही चित्रकारांची मेहेरबानी. जुन्या लेखनात उल्लेख येतो तो खांबाच्या मध्यावरच्या बसायच्या खुंटीचा. तीही दयेपोटी नव्हे, टेकायला मिळालं की माणूस लवकर मरत नाही म्हणून. हे लक्षात घेतलं की पहिल्या प्रश्नाकडे बघण्याची नजरच बदलते. फाशी देणाऱ्याला माणूस मारायचा असतो, क्रूसावर चढवणाऱ्याला तो मरत ठेवायचा असे. काही जण दिवसेंदिवस टिकत. येशूचा प्राण काही तासांत गेला हे ऐकून शिक्षा देणाऱ्या रोमन सुभेदार पिलाताला आश्चर्य वाटलं, असं मार्कच्या शुभवर्तमानात आहे. घाई असेल तेव्हा पाय मोडत. गुदमरण्याचा सिद्धांत मानणारे म्हणतात, पाय मोडल्याने शरीर वर उचलता येईनासं होई. मला त्याची गरज वाटत नाही. मांडीचं हाड मोडलं तर लिटर-दीड लिटर रक्त आतल्या आत साठू शकतं, आणि आधीच रिकाम्या झालेल्या माणसाला तेवढं पुरतं.

प्रश्न: हजारो लोकांना ठोकलं म्हणता, मग इतके सांगाडे खोदणाऱ्यांना खिळे का सापडत नाहीत? (इतिहासाची विद्यार्थिनी)

या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न.

हजारो हा आकडा खरा आहे. इसवी सनपूर्व ७१ मध्ये स्पार्टाकस या गुलामाचं बंड मोडल्यावर रोमन सेनापती क्रॅससने ६,००० गुलामांना कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने क्रूसावर चढवलं. साधारण २०० किलोमीटरचा तो रस्ता. भागाकार केला तर दर ३३ मीटरला एक माणूस. इसवी सन ७० मध्ये जेरुसलेमच्या वेढ्यात दिवसाला ५०० जण, इतके की क्रूसांना जागा पुरेना आणि देहांना क्रूस पुरेनात, असं जोसेफस लिहितो.

आणि हाडं? १९६८ साली जेरुसलेमच्या उत्तरेला गिवआत हा-मिवतार इथे वासिलिओस झाफेरिस यांनी काही थडगी उघडली. एका दगडी अस्थिपेटीवर येहोहानान असं नाव कोरलेलं, आत विशीतल्या तरुणाची हाडं. त्यात उजव्या टाचेचं हाड, आणि त्यात आडवा घुसलेला लोखंडी खिळा. पहिल्या अहवालात खिळा १७-१८ सेंटिमीटरचा आणि दोन्ही टाचांतून गेलेला असं म्हटलं होतं. १९८५ साली झियास आणि सेकेलेस यांनी पुन्हा मोजलं तेव्हा तो ११.५ सेंटिमीटर भरला, आणि टाच एकच. एवढ्या लांबीत दोन टाचा आणि लाकूड बसतच नाही. म्हणजे पाय एकावर एक नव्हते, खांबाच्या दोन बाजूंना एकेक टाच कडेने ठोकलेली असणार. खिळ्याच्या डोक्याखाली लाकडाचा तुकडा होता, टाच ओढून सुटू नये म्हणून. आणि टोक वाकलेलं. बहुधा लाकडातल्या गाठीवर आपटून ते वळलं, काढताना निघेना, म्हणून तसंच टाचेसकट पुरलं गेलं. गाठ जरा बाजूला असती तर तो खिळा काढून घेतला गेला असता आणि आपल्या हाती फक्त भोक राहिलं असतं. हाताच्या हाडांवर मात्र खिळ्याची खूण सापडली नाही.

दुसरी टाच इंग्लंडमधली. केंब्रिजशरमधल्या फेनस्टँटन गावी २०१७ मध्ये उत्खनन झालं. साधारण २५ ते ३५ वर्षांचा पुरुष, काळ इसवी सन १३० ते ३६० मधला. पुन्हा उजवी टाच, पुन्हा आडवा खिळा. त्या खिळ्याशेजारी हाडात आणखी एक उथळ खळगा आहे. बहुतेक पहिला घाव चुकला असावा. उत्तर इटलीत गावेल्लोलाही भोक पडलेली एक टाच मिळाली, खिळा नाही. भक्कम म्हणावा असा पुरावा साधारण एवढाच.

कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. प्रेतं बहुधा पुरलीच जात नसत. ती गिधाडांसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दहशत बसावी म्हणून तशीच ठेवत, वर पहारा असे. यहुदी लोक मात्र क्रूसावरच्या मृतालाही सूर्यास्तापूर्वी पुरत, येहोहानान आपल्याला भेटतो तो त्यामुळे. बरेच जण दोराने बांधलेले असणार, दोराची खूण हाडावर राहत नाही. लोखंड महाग, खिळे पुन्हा वापरायचे. शिवाय लोक ते औषध म्हणून नेत! थोरला प्लिनी हा रोमन लेखक लिहितो की क्रूसाच्या खिळ्याचा तुकडा लोकरीत गुंडाळून गळ्यात बांधला की चौथ्या दिवशी उलटणारा ताप जातो, अशी समजूत होती.

प्रश्न: असलं काम करणारी माणसं कोण होती?

युद्धात सैनिक. शहरात? नेपल्सजवळच्या पुतेओली या बंदरातला एक शिलालेख मिळाला आहे, त्यात गावच्या अंत्यविधीच्या ठेक्याच्या अटी कोरलेल्या आहेत. प्रेतं उचलणं आणि माणसं क्रूसावर चढवणं, दोन्ही एकाच ठेकेदाराकडे. एखाद्या मालकाला आपला गुलाम खासगीत ठोकायचा असेल तर खर्च मालकाचा: तुळई वाहणारे, फटके मारणारे, मारेकरी, दर माणशी ४ सेस्टर्स (रोमन नाणी). अधिकाऱ्याने हुकूम दिला असेल तर ठेकेदाराने ते फुकट करायचं, क्रूस आणि खिळेही त्यानेच आणायचे. सेनेका-जोसेफस वाचून माझी झोप उडाली नव्हती, हा दर वाचून उडाली.

नागरिकांना ही शिक्षा सहसा होत नसे. ती गुलामांची, बंडखोरांची, दरोडेखोरांची. म्हणून तर रोमन वकील सिसेरोने इसवी सनपूर्व ७० मध्ये सिसिलीचा सुभेदार व्हेरेस याच्यावर आरोपांची राळ उडवली त्यात कळस हा होता: गावियस नावाच्या रोमन नागरिकाला त्याने मेसिनाच्या किनाऱ्यावर क्रूसावर चढवलं, तेही मुद्दाम सामुद्रधुनीकडे तोंड करून, म्हणजे मरताना पलीकडची इटली दिसावी.

प्रश्न: ही शिक्षा रोमनांनीच शोधली ना? आणि बंद कधी झाली?

नाही. इराणी, कार्थेजवाले, ग्रीक, सगळ्यांकडे माणसाला खांबावर लटकवायच्या पद्धती होत्या. सिकंदराने इसवी सनपूर्व ३३२ मध्ये टायर शहर पाडल्यावर २,००० जणांना किनाऱ्यावर लटकवलं. कार्थेज तर हरलेल्या स्वतःच्याच सेनापतींना चढवायचं. रोममध्ये ती चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात बंद झाल्याचं रोमन लेखक सांगतात. पण जगातून गेली नाही. १५९७ साली जपानात नागासाकीला २६ ख्रिस्ती लोकांना क्रूसावर बांधून भाल्यांनी मारलं.

प्रश्न: क्रूसावरून कोणी जिवंत उतरलं आहे का?

उतरलं आहे. जोसेफस आत्मचरित्रात लिहितो: तेकोआ या गावाहून परतताना त्याला क्रूसावरच्या कैद्यांत आपले तीन ओळखीचे दिसले. तो रडत रोमन सेनापती टायटसकडे गेला. टायटसने तिघांना उतरवून उत्तम उपचार करायला सांगितलं. दोघे वैद्याचे उपचार चालू असतानाच वारले, एक वाचला.

ते दोघे उतरवल्यावर का गेले असतील? तासन्‌तास आखडलेल्या, रक्त न मिळालेल्या स्नायूंत विषारी द्रव्यं साठतात. बंध सुटले की ती एकदम रक्तात उतरतात, हृदयाची लय बिघडते, मूत्रपिंडं बसतात. ढिगाऱ्याखालून सहीसलामत काढलेला माणूस काही तासांनी जातो तो असाच. त्यातून सुटला तर जखमांत पू, धनुर्वात. आजच्या अतिदक्षता विभागातही हे सोपं काम नाही, त्या वैद्याकडे तर पट्ट्या, तेल आणि दारू एवढंच असणार. तरी एक वाचवला, याचं मला कौतुक वाटतं.

त्याच्याही कितीतरी आधीची एक गोष्ट ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. सांडोसीस नावाच्या इराणी न्यायाधीशाने लाच खाऊन निकाल फिरवला, म्हणून दरायस राजाने त्याला लटकवलं. तो वर असतानाच राजाने हिशेब केला, याची राजघराण्यासाठीची कामगिरी गुन्ह्यापेक्षा जास्त भरते, आणि त्याला खाली उतरवलं. पुढे त्याला सुभेदारी मिळाली. इसवी सनपूर्व ४८० मध्ये, दरायसचा मुलगा झर्क्सिस याच्या ग्रीसवरच्या स्वारीत, तो १५ जहाजांचा ताफा घेऊन मागे राहिला, आर्टेमिसियमजवळ उभी असलेली ग्रीकांची जहाजं त्याला आपलीच वाटली, आणि तो थेट त्यांच्यात शिरून पकडला गेला.